‘डॉख’ म्हणजे ‘की’

पतसंस्थेच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान मी कापलं. बोटभर रुंदीची पट्टी केली, पाठीमागे पुठ्ठा लावला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर सेलोटेपने चिकटवली, बरोबर जिथे इंग्रजी भाषांतराची ओळ उमटते तिथे. वरची जर्मन ओळ दिसत राहिली, खालची इंग्रजी झाकली गेली. पट्टीवर एप्रिलमधली एकादशी आणि एका रविवारचा लाल आकडा आला होता.

त्या रात्री पाहिलेल्या व्हिडिओत ट्रामच्या थांब्यावर एक बाप आणि त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी उभी होती. बाप म्हणाला, तू टोपी आणली नाहीस. मुलीने जॅकेटच्या खिशातून लोकरीची टोपी ओढून काढली, बापाच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "डॉख!"

हाच व्हिडिओ मी आधी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा खालच्या इंग्रजी ओळीत ‘हो, आणलीय’ अशा अर्थाचं काहीतरी आलं होतं, मी ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते. त्या रात्री ती ओळ एकादशीखाली झाकलेली होती आणि मला स्वच्छ ऐकू आलं: "आणलीय की!"

‘की’. मुलीच्या आवाजातला तो ठसका, बापाला खोटं पाडल्याचा आनंद, सगळा त्या एका ‘की’मध्ये होता. इंग्रजीत ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच दरवाजे. जर्मनला तिसरा आहे. समोरच्याने नकार गृहीत धरला की तो खोडायला ‘या’, म्हणजे ‘हो’, चालत नाही, ‘डॉख’ लागतो. आपण तेच काम वाक्याच्या शेपटाला ‘की’ लावून करतो. "येणार नाहीस?" "येणार की!" "जेवली नाहीस ना?" "जेवले की!" दीड वर्षं मी जर्मन शिकत होते ती इंग्रजीच्या अंगणातून वळसा घालून. सरळ वाट माझ्याच घरातून जात होती.

हे सगळं सुरू झालं मावसबहिणीमुळे. ती नर्स. तिला जर्मनीत नोकरी हवी होती, त्यासाठी बी-टू पातळीपर्यंत भाषा यायला हवी होती. आमच्या जवळपास क्लास नव्हता. तिने ऑनलाइन वर्ग लावला आणि सरावासाठी रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागली, कारण आमच्याकडे नेट बरं चालतं. मी नुसती शेजारी बसायचे. डॉइश वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही शिकणाऱ्यांसाठी केलेली मालिका आम्ही दोघींनी मिळून संपवली. निको हा स्पेनहून आलेला मुलगा. जर्मनीत पाय ठेवल्याठेवल्या त्याची बॅग हरवते आणि तो त्याच्या ‘टांटे’ला शोधत फिरतो. टांटे या एका शब्दात मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या मावतात. आम्ही तिला आपसात मावशीच म्हणायचो. नात्याचं नाव ठरल्याशिवाय तिच्याबद्दल बोलताच येईना.

बहीण परीक्षा पास झाली, कोलोनला गेली. मी मात्र व्हिडिओ बघतच राहिले. मला कुठे जायचं नव्हतं, परीक्षा द्यायची नव्हती. कोणी विचारलं तर सांगायला कारणही नव्हतं. आवडत होतं, म्हणून बघत होते.

निकोनंतर मी ‘ईझी जर्मन’ या यूट्यूब चॅनेलकडे वळले. हे लोक माइक घेऊन रस्त्यावर उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना साधे प्रश्न विचारतात. काल काय जेवलात, शेजाऱ्यांशी पटतं का, कशाचा राग येतो. खाली जर्मन आणि इंग्रजी अशा दोन ओळी. पुस्तकातले लोक पूर्ण वाक्यात बोलतात, रस्त्यावरचे बोलत नाहीत. पुस्तकाने शिकवलं होतं की ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आणि त्याच्यामागून येणाऱ्या वाक्यात क्रियापद अगदी शेवटी जातं. मला त्याचा आनंद झाला होता, कारण आपलंही तसंच. ‘कारण मला आज वेळ नाही’. रस्त्यावरचे जर्मन मात्र ‘वाइल’ म्हणून क्षणभर थांबतात आणि मग पुष्कळदा सरळ साधं वाक्य टाकून मोकळे होतात. माणूस विचार करताना कसा बोलतो ते त्या थांबण्यात दिसतं.

आणि सगळीकडे भुरभुरलेले बारके शब्द. ‘माल’, ‘या’, ‘हाल्ट’, ‘शोन’, ‘एबन’. जर्मन व्याकरणात त्यांना मोडालपार्टिकेल म्हणतात. शब्दकोशात त्यांचा अर्थ शोधायला जावं तर हाती काही लागत नाही आणि काढून टाकावेत तर वाक्य कोरडं ठणठणीत होतं. ‘कॉम हेअर’ म्हणजे ‘इकडे ये’, हुकूम. ‘कॉम माल हेअर’ म्हणजे ‘इकडे ये बघू जरा’. ‘दास इस्ट शोअन’, हे सुंदर आहे. ‘दास इस्ट या शोअन’, अगं, किती सुंदर आहे की हे! ‘दास इस्ट हाल्ट झो’, ते तसंच असतं, काय करणार. ‘ना या’ म्हणजे तर आपलं ‘असो’. भाषांतराच्या ओळीत हे शब्द बहुतेक वेळा गळून जातात. भाषांतर करणाऱ्यांचा दोष नाही, इंग्रजीत त्यांना ठेवायला जागाच नाही. मराठीत प्रत्येकाला पाट मांडलेला आहे. आपण मात्र शाळेत यांच्यापैकी काहींना पादपूरणार्थ म्हणून एका कोपऱ्यात बसवलं. पाद पुरवण्यासाठी, म्हणजे ओळ भरायला. मला ते पटत नाही. बोलणाऱ्याचं मन सगळं त्यांच्यातच असतं. मालवणीत वाक्याच्या शेवटी ‘मां’ येतो. आजी मला रोज विचारते, "जेवलंस मां?" त्या ‘मां’मध्ये मी जेवलेली असावी ही तिची इच्छा आहे. तो काढला तर उरते ती चौकशी.

बहिणीच्या पहिल्या आठवड्यातल्या एका रात्रपाळीनंतर तिचा फोन आला. रडत होती. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं कळत नाही, बी-टू काही कामाचं नाही म्हणत होती. मला सुचेना काय बोलावं. तोंडून निघालं, "दास विर्ट शोन." होईल गं. शब्दशः पाहिलं तर ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’, ‘झालंच’. जे अजून व्हायचंय ते झाल्यासारखंच धर, असा धीर देणारा शब्द. ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, हे मला इथे कालच एका सिस्टरने म्हटलं.

रविवारी माझ्या लॅपटॉपवर आजीचा हक्क असतो. तिला लागतो ‘माउस’. ‘डी झेंडुंग मिट डेअर माउस’, म्हणजे उंदराचा कार्यक्रम, ७ मार्च १९७१ पासून जर्मन टीव्हीवर चालू आहे. नारिंगी उंदीर, त्याच्याहून लहान निळा हत्ती, एक पिवळं बदक. तिघंही बोलत नाहीत. उंदराच्या पापण्या मिटल्या की टकटक वाजतं. त्यांच्या करामतींच्या मधेमधे खऱ्या जगातल्या गोष्टी येतात: टूथपेस्टमध्ये रंगीत पट्टे कसे जातात, एखादी वस्तू कारखान्यात कशी घडते. कॅमेरा यंत्राच्या पोटात शिरतो, घाई न करता बघत राहतो आणि आर्मिन माइवाल्ट यांचा आवाज शेजारी बसून सांगितल्यासारखा सांगत जातो. दुसरे क्रिस्टोफ बीमान, कायम हिरव्या स्वेटरमध्ये. हे मुलांचे कार्यक्रमवाले नसून घरातले काका वाटतात. २०१४ साली अंतराळवीर आलेक्झांडर गेर्स्ट हा उंदीर घेऊन अंतराळ स्थानकावर गेला. आजीला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, तिला त्यात नवल वाटलं नाही.

मला या कार्यक्रमाची सुरुवात सर्वांत आवडते. आज काय काय आहे ते निवेदक जर्मनमध्ये सांगतो. मग तेच सगळं दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत सांगितलं जातं. ऐकणाऱ्याने ओळखायचं. आणि शेवटी जर्मन आवाज सांगतो, ‘दास वार टुर्किश’, ही तुर्की होती. सत्तरच्या दशकापर्यंत तुर्कस्तान, इटली, स्पेनमधून कामगार जर्मनीत आले होते, त्यांच्या मुलांनाही रविवारी सकाळी टीव्हीवर आपलं काही ऐकू यावं म्हणून ही प्रथा पडली. पुढे कुठल्या कुठल्या भाषा आल्या. कारखान्यात मोटारी जोडणाऱ्या बापाचं पोर टीव्हीसमोर बसलंय, परका देश, परकी शाळा, आणि अचानक त्या खोक्यातून आईची भाषा येते, तीही उंदीर आणि हत्तीबद्दल बोलणारी. मी ते पोर पुष्कळदा डोळ्यांसमोर आणते.

आजी या ओळखण्याच्या खेळात मनापासून भाग घेते. तिला जर्मन आणि दुसरी भाषा यातला फरक ऐकूनच कळतो. "आता बदालला," म्हणते.

आजीनेच मला जर्मनमधलं एक कोडं सोडवून दिलं, न सांगता. जर्मनला आपल्यासारखी तीन लिंगं आहेत: डेअर, डी, दास. तो, ती, ते. हिंदी-इंग्रजीवाल्यांना यातलं तिसरं घशाखाली उतरवावं लागतं, आपल्याकडे ते घरचंच आहे. पण ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, तिलाही ‘दास’. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८८० साली जर्मन भाषेवर वैतागून एक निबंध लिहिला, त्यात त्याला हेच खटकलं होतं: मुलीला लिंग नाही आणि सलगमाला मात्र आहे. पुस्तकात कारण दिलेलं असतं, ‘शेन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसक होतो. पोरगी ती, पोरगं ते. इतकं कळलं होतं.

मग एका संध्याकाळी मी कामावरून उशिरा आले. फाटकाचा आवाज ऐकून आजी आतून ओरडली, "चेडू इला काय?" मी दारातच थांबले. चेडू म्हणजे मुलगी. ‘इली’ नाही, ‘इला’. तो इलो, ती इली, ता इला. छत्तीस वर्षांची मी, आजीच्या तोंडी आजही नपुंसकलिंगी आहे आणि जन्मभर ते ऐकत असून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आमच्या मॅनेजरबाई घरी आल्या तर त्या मात्र ‘इली’.

हे मी बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, थांब, इथेही आहे. तिच्या वॉर्डातले एक आजोबा आपल्या बायकोबद्दल बोलताना ‘एट आना’ म्हणतात. ‘एट’ म्हणजे कोलोनच्या बोलीतलं ‘दास’. ते आना. मी शोधत सुटले. ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या काठच्या बोलींत, लक्झेम्बर्गमध्ये, स्वित्झर्लंडच्या काही भागांत बायकांची नावं अशी नपुंसकलिंगात बोलली जातात आणि नियमही ओळखीचा निघाला. घरातली, जवळची बाई असेल तर ‘ते’. ‘फ्राउ’ लावून जिचं नाव घ्यायचं ती ‘ती’. कोलोनच्या बोलीतले व्हिडिओ मी त्यानंतर महिनाभर ऐकले. तिथे गमतीने सांगितली जाणारी अकरा कलमांची राज्यघटना आहे, तिचं एक कलम म्हणजे ‘एट क्युट वी एट क्युट’. यायचं तसं ते येतं. हे म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडच्या कुठल्याही पारावर जागा मिळेल.

आकडे हा विषय मी थोडक्यात आटोपणार होते, पण राहवत नाही. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. एकक आधी, दशक मागून. नेना या गायिकेच्या १९८३ सालच्या प्रसिद्ध गाण्यात नव्व्याण्णव फुगे आहेत, तेही ‘नॉइन-उन्ट-नॉइन्त्सिश’, नऊ आणि नव्वद. हे सगळे आकडे मी इंग्रजीतून उलटे करून घोकले होते. उलटे करण्याची गरजच नव्हती. आपल्याकडे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांना आकडे लिहिणं सोपं जावं म्हणून ते कसं योग्य आहे ते शांतपणे समजावत होत्या. जर्मनीत याच मागणीसाठी एक संस्थाच आहे, तिचं नाव ‘त्स्वान्त्सिशआइन्स’, म्हणजे ‘वीसएक’. तिच्याबद्दलच्या एका व्हिडिओखालचे वाद वाचताना नावं बदलली तर आपलेच लोक भांडतायत असं वाटावं.

आणि घड्याळ! ‘हाल्ब द्राय’ म्हणजे ‘अर्धे तीन’. इंग्रजीवाले हमखास साडेतीनला पोचतात. पण वाजलेले असतात अडीच. तिसरा तास अर्धा झाला, म्हणून अर्धे तीन. आता आपलं अडीच. ते आलं संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे तिसरा अर्धा. जुन्या जर्मनमध्ये अडीचला ‘ड्रिटहाल्ब’ असा शब्दच होता, तिसरा-अर्धा. दीडला आजही ‘आंडरटहाल्ब’ म्हणतात, दुसरा-अर्धा. पूर्व आणि दक्षिण जर्मनीत तर ‘द्रायफिर्टेल द्राय’ हेही चालतं, पाऊण तीन, म्हणजे पावणेतीन. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं: दीड, आंडरटहाल्ब, अडीच, ड्रिटहाल्ब. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. एवढ्या लांबच्या दोन ठिकाणच्या माणसांनी अर्धी भाकरी एकाच तऱ्हेने मोजली होती.

लोरिओ या जर्मन विनोदकाराची ओळख उशिरा झाली याची हळहळ वाटते. खरं नाव विको फोन ब्युलो, १९२३ ते २०११. लोरिओ हा फ्रेंच शब्द, अर्थ हळद्या पक्षी. तो त्यांच्या घराण्याच्या चिन्हावर आहे. आमच्या आवारातल्या फणसावर हळद्या येतो, त्यामुळे हे नाव मला पहिल्या दिवशीच पाठ झालं. त्यांचं १९७८ सालचं एक चित्ररूप प्रहसन आहे. हॉटेलातल्या एकाच टबमध्ये दोन गृहस्थ बसलेत, दोघंही उघडे, त्यातल्या एकाची खोली चुकलीय. पाणी सोडायचं की नाही, रबरी बदक टबात घ्यायचं की नाही यावर वाद पेटतो. आणि एवढं होऊनही दोघंही एकमेकांना ‘हेर डॉक्टर’, ‘हेर म्युलर-ल्युडनशाइट’ असंच म्हणत राहतात, ‘झी’ सोडत नाहीत.

‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू. जर्मनमध्ये त्यांची क्रियापदं आहेत: ‘झीत्सेन’ आणि ‘दूत्सेन’. इंग्रजी भाषांतरात एवढंसं सांगायला अर्धं वाक्य खर्ची पडतं. आपण म्हणतो अहो-जाहो करणं आणि अरे-तुरे करणं. संपलं. लोरिओचे ते दोघं उघड्या अंगाने अहो-जाहो करतायत, हे मराठी माणसाला उलगडून सांगावं लागत नाही. हसताना माझ्या मनात मात्र एक कणव येते. दोघांनाही सन्मान सोडायचा नाहीये आणि पांघरायला तेवढा एकच कपडा उरलाय.

रात्री आठची ‘टागेस्शाउ’, १९५२ सालापासून चालू असलेलं बातमीपत्र. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हा साडेअकरा होतात आणि हिवाळ्यात ते लोक घड्याळ मागे घेतात म्हणून साडेबारा. हिवाळ्यात माझं बातमीपत्र सुटतं. रविवारी त्याच्यामागून सव्वाआठला ‘टाटऑर्ट’, गुन्हे तपासाची मालिका, २९ नोव्हेंबर १९७० पासूनची. दर आठवड्याला शहर वेगळं, तपास अधिकारी वेगळे. आज म्युन्स्टर, पुढच्या वेळी कोलोन, मग म्युनिक. सुरुवातीला दोन डोळे, त्यांच्यावर नेम धरल्यासारखी रेघ आणि पळणारे पाय. पन्नासहून अधिक वर्षांत ही पाटी फारशी बदललेली नाही. इथून मला सगळे भाग दिसत नाहीत, पण बहीण म्हणते की तिच्या गल्लीतल्या बारमध्ये रविवारी माणसं एकत्र बसून तो बघतात, गुन्हेगार कोण यावर पैजा लावतात आणि शेवट होईपर्यंत कोणी उठत नाही. ती आता त्यांच्यात बसते. मागच्या महिन्यात तिची पैज लागली, तेव्हा टेबलावरचं कोणीतरी म्हणालं, हिला काय कळतंय. ती म्हणाली, "डॉख!"

पट्टी अजून लॅपटॉपवर आहे, सेलोटेप एकदा बदलली. गेल्या रविवारी माउस सुरू झाला. जर्मन निवेदन झालं, मग दुसरी भाषा आली. मला ओळखता आली नाही, आजीलाही नाही. शेवटी ‘दास वार’ म्हणून जे नाव घेतलं ते बाहेर पिकअप रिव्हर्स घेत होता त्या आवाजात बुडालं. मी परत मागे न्यायला लागले तर आजीने हात धरला.

"ऱ्हवांदे. तू सांग."

म्हणून मी व्हिडिओ थांबवला, उंदराचं चित्र तसंच ठेवलं आणि निवेदकासारखी मान सरळ करून म्हटलं, "हसूक गजाली, समजूक गजाली. उंदीर आसा, हत्ती आसा, बदक पण आसा." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "दास वार मालवणी."

आजीने चष्मा पुसला. स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"परत एकदा सांग गो," म्हणाली.